युद्धपट पाहताना साल कोणते पाहावे?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या एका मराठी वाचनालयाला महिन्याला एक याप्रमाणे सहा युद्धपट दाखवून त्यांवर चर्चा घ्यायची आहे. येणाऱ्यांत इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत नोकरी करून इथेच स्थायिक झालेले निवृत्त फौजी असतील, कॉलेजातली मुले असतील, सहकुटुंब येणारेही असतील. १९६२, १९६५, १९७१, १९९९ अशा युद्धांच्या क्रमाने चित्रपट लावले, तर लोकांची युद्धाकडे पाहण्याची नजर कशी बदलत गेली ते दिसेल का?

नाही दिसणार. त्या क्रमाने लावलेत तर इतिहासाची उजळणी होईल, आणि चर्चा 'खरे काय घडले' यावरच अडकेल. चित्रपट प्रदर्शनाच्या सालाने लावा. १९७१च्या लढाईवर १९९७ साली निघालेला चित्रपट १९७१च्या लोकांविषयी फार थोडे सांगतो. १९९७च्या लोकांना १९७१ कसे आठवायला हवे होते, ते मात्र पुष्कळ सांगतो. शिवाय सहांपैकी निदान दोन चित्रपट एकाच युद्धावरचे, पण मध्ये मोठा काळ गेलेला, असे घ्या. युद्ध तेच, निकाल तोच, कामी आलेली माणसे तीच. मग पडद्यावर जे निराळे दिसते ते मधल्या काळातून आलेले असते.

माझ्या मते ही सहा नावे घ्यावीत: डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६), हकीकत (१९६४), बॉर्डर (१९९७), लक्ष्य (२००४), उरी (२०१९) आणि १२० बहादूर (२०२५). यांतले हकीकत आणि १२० बहादूर हे दोन १९६२च्या युद्धावरचे, मध्ये एकसष्ट वर्षे. हीच जोडी सगळ्या मालिकेचा कणा आहे.

पहिला चित्रपट का, असे कुणी विचारेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी चार वर्षांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि भूमिका स्वतः केली. त्यात चिनी सैनिक आपला आहे, जखमी आहे, त्याच्यावर मराठी डॉक्टर उपचार करतो आहे. शत्रू जपानी आहे. हे पाहून महिन्याभराने तेच प्रेक्षक हकीकत पाहतील, तेव्हा अठरा वर्षांत काय उलटले ते कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

हकीकतला सगळ्यांत जास्त वेळ द्या. युद्धबंदी २१ नोव्हेंबर १९६२ची. त्यानंतर दोन महिन्यांनी, २७ जानेवारी १९६३ला, दिल्लीत नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' म्हटले. गायिका इंदूरला जन्मलेली, कवी प्रदीप बडनगरचे, संगीतकार सी. रामचंद्र मराठी, म्हणजे तुमच्या श्रोत्यांना हे गाणे घरचेच आहे. चित्रपटाआधी ते ऐकवा आणि एवढेच विचारा, की या गाण्यात सूडाची भाषा कुठे आहे? ते गाणे डोळ्यांत पाणी आणायला सांगते. देशाची त्या वेळची मनःस्थिती हीच होती: फसवणूक झाल्याची चीड होती, पण तिच्याहून मोठे होते ते दुःख आणि मनातली लाज. चेतन आनंदांचा चित्रपट याच मनःस्थितीतून निघाला आहे. त्यातले जवान लढाईचा मोठा भाग माघार घेत असतात. पहिली गोळी आपण झाडायची नाही, या हुकुमाने त्यांचे हात बांधलेले आहेत. चीनचा विश्वासघात पात्रे तोंडाने बोलून दाखवतात. आपल्या तयारीतली उणीव मात्र फारसे कुणी बोलत नाही, ती नुसती दिसते: थोडी माणसे, अपुरा दारूगोळा, कुमक नाही. युद्धपट वाचण्याचे हे पहिले हत्यार समजा. काय बोलले गेले आणि काय बोलल्याविना दाखवले गेले, हे दोन रकाने वेगळे ठेवा. लोकांच्या मनात असलेली पण उघड बोलायची सोय नसलेली गोष्ट बहुधा दुसऱ्या रकान्यात सापडते. सरकार आणि लष्कराच्या मदतीने निघालेल्या चित्रपटात पंतप्रधानांवर थेट बोट ठेवता येत नव्हते. रिकामी होत चाललेली चौकी दाखवता येत होती.

शेवटी मृतदेहांवरून फिरणारा कॅमेरा आणि कैफी आझमींचे गाणे येते. त्यात मेलेले जिवंतांशी बोलतात आणि देश त्यांच्या हवाली करतात. पराभवाच्या चित्रपटाला विजयाचा शेवट जोडता येत नाही, म्हणून तो जबाबदारी प्रेक्षकाच्या हातात देऊन संपतो.

प्रेक्षकांना कागद द्या, नाहीतर तीन तासांनंतर 'छान होता' यापलीकडे कुणाला काही आठवत नाही. कागदावर पाच गोष्टी पुरेत. पहिली, पहिली गोळी कितव्या मिनिटाला सुटते. दुसरी, एकूण वेळात घर किती आणि मोर्चा, म्हणजे लढाईची आघाडी, किती. सुरुवातीला एकाने घड्याळ घेऊन बसावे आणि दृश्य बदलले की मिनिट लिहावे. तिसरी, शत्रूला चेहरा आहे का: त्याचा क्लोज-अप किती वेळा येतो, त्याला नाव आहे का, तो कोणत्या भाषेत बोलतो. चौथी, हुकूम कोण देतो आणि तो बरोबर ठरतो का. पाचवी, शेवटच्या दहा मिनिटांत कोण कुठे आहे. लोकांना शत्रूच्या रकान्यात 'क्रूर', 'शूर' अशी विशेषणे लिहायचा मोह होतो. तो टाळायला सांगा. आकडा आणि कृती लिहा, विशेषणे चर्चेत येऊ द्या. नाहीतर प्रत्येक जण आपले आधीचे मतच कागदावर उतरवतो आणि सहा महिन्यांचे सहा कागद एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

बॉर्डर घेताना तो ज्या लढाईवर आहे त्या लोंगेवालाची, म्हणजे राजस्थान सीमेवरच्या चौकीची, खरी हकिगत आधी दोन मिनिटांत सांगून टाका. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली २३ पंजाबचे सुमारे १२० जण होते. रात्री उडता न येणारी हंटर विमाने पहाटे जैसलमेरहून आली आणि पाकिस्तानी रणगाड्यांचा निकाल लागला. आपले दोन जवान कामी आले. चित्रपटात मात्र मुख्य पात्रांपैकी कितीतरी मरतात. सुनील शेट्टीने केलेले पात्र ज्यांच्यावरून घेतले ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड लढाईतून जिवंत परतले आणि २०२२ साली जोधपूरला वारले. पडद्यावर ते हुतात्मा होतात. ही चूक नव्हे, निवड आहे, आणि चर्चेचा खरा मुद्दा इथेच आहे. जिंकलेल्या लढाईत मरणे वाढवावी असे का वाटले? माझे मत असे, की १९९७च्या प्रेक्षकाला विजय माहीतच होता, त्याला त्या विजयाची किंमत पाहायची होती. सात-आठ वर्षे काश्मीरमधून तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या येत होत्या आणि त्या युद्धाला नाव नव्हते, तारीख नव्हती, निकालही नव्हता. ते सगळे दुःख एका नाव-तारीख असलेल्या लढाईवर नेऊन ठेवले गेले. चिठ्ठ्यांची वाट पाहणाऱ्या जवानांचे गाणे घरोघर पोचले तेही याच कारणाने. आणखी एक काळजी घ्या: चित्रपट संपताना जावेद अख्तरांचे जे गाणे आहे, ज्यात शत्रूला भाऊ म्हटले आहे, ते कापलेली प्रत दाखवू नका. अख्खा चित्रपट आरोळ्या देतो आणि शेवट शांततेची याचना करतो. ही विसंगती त्या काळच्या लोकांची आहे, आणि ती तशीच समोर ठेवावी.

या सुमारास आणखी एक गोष्ट ठळक होते: पाकिस्तानचे नाव उघड घेणे. जुन्या अनेक चित्रपटांत 'दुश्मन', 'पडोसी मुल्क' असेच शब्द चालत. चित्रपट प्रमाणित करण्याच्या कायद्यात परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध बिघडू नयेत अशी अट आहे आणि निर्माते तिला जपून असत. नाव घेणे-न घेणे ही लोकमताची खूण आहे की सेन्सॉरची, हे दर वेळी तपासा.

२००४ हे साल स्वतंत्र अभ्यासासारखे आहे, म्हणून लक्ष्य. क्रम नीट पाहा. कारगिल १९९९. संसदेवरचा हल्ला डिसेंबर २००१, आणि त्यानंतर सीमेवर महिनोन् महिने सैन्य उभे. एप्रिल २००३मध्ये वाजपेयींनी श्रीनगरला मैत्रीचा हात पुढे केला, नोव्हेंबरमध्ये नियंत्रण रेषेवर युद्धबंदी झाली, जानेवारीत इस्लामाबादला सार्क परिषद, मार्चमध्ये आपला क्रिकेट संघ पाकिस्तानात. याच मधल्या महिन्यात, डिसेंबर २००३ला, २५५ मिनिटांचा एलओसी कारगिल आला आणि पडला. २००४मध्ये ज्या चित्रपटांनी गर्दी खेचली त्यांत मैं हूँ ना होता, ज्यात दोन देशांतली कैद्यांची अदलाबदल हाणून पाडू पाहणारा खलनायक आपल्याच फौजेतून बाहेर पडलेला आहे, आणि वीर-जारा होता, जो सीमेपलीकडच्या प्रेमाची गोष्ट सांगतो. आता 'लोकांना युद्ध नको होते म्हणून एलओसी पडला' असे लगेच लिहून टाकू नका. सव्वाचार तास लांबी, डझनावारी पात्रे आणि कोण कोणत्या शिखरावर आहे ते न कळणे ही कारणे स्वतःच पुरेशी होती. लोकमत हे कारण तेव्हाच धरा, जेव्हा दुसरी साधी कारणे बाजूला काढूनही काही उरते. इथे उरते ते इतकेच, की त्याच सुमारास समेटाच्या गोष्टी चालल्या.

लक्ष्यही थिएटरात अपेक्षेइतका चालला नाही. त्याला माणसे पुढे टीव्हीवर मिळत गेली. त्यात कारगिल आहे, पण प्रश्न कारगिलचा नाही. खात्यापित्या घरच्या, काय करावे न कळणाऱ्या दिल्लीकर मुलाला आयुष्याचे ध्येय कुठे सापडते, हा त्याचा प्रश्न आहे. उदारीकरणानंतर वाढलेल्या पहिल्या पिढीचा हा युद्धपट आहे. नायिका टीव्हीची वार्ताहर आहे हेही लक्षात घ्या. कारगिल हे आपण घरात बसून टीव्हीवर पाहिलेले पहिले युद्ध. त्याला जोडून धूप (२००३) मधला वीसेक मिनिटांचा तुकडा दाखवता आला तर दाखवाच. कारगिलमध्ये कामी आलेल्या एका महावीरचक्र विजेत्या कॅप्टनच्या कुटुंबाच्या अनुभवावरून तो निघाला आहे. मंजूर झालेल्या पेट्रोल पंपासाठी बापाला दारोदार फिरावे लागते. मोर्चा जवळजवळ नाही, कचेऱ्याच आहेत. ओम पुरींचे ते काम पाहून सभागृहात जी शांतता होईल, तिला थोडा वेळ द्या, लगेच प्रश्न विचारू नका.

उरीच्या वेळी तारखा फळ्यावर लिहा, कारण त्यांची हमखास सरमिसळ होते. उरीच्या तळावरचा हल्ला १८ सप्टेंबर २०१६, सर्जिकल स्ट्राइक २९ सप्टेंबर २०१६, चित्रपट ११ जानेवारी २०१९, पुलवामा १४ फेब्रुवारी २०१९, बालाकोट २६ फेब्रुवारी २०१९. म्हणजे चित्रपट पुलवामाच्या आधीचा आहे. 'पुलवामामुळे तो चालला' हे म्हणणे पूर्ण खरे नाही. त्याने लोकमत दाखवले तसेच लोकमताला बोलही दिले: प्रदर्शनानंतर आठ दिवसांनी, मुंबईत चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी चित्रपटातले 'हाउज द जोश' म्हटले आणि सभागृहाने उत्तर दिले. आरशाची उपमा इथे अपुरी पडते.

पाचही चित्रपटांचे कागद हाताशी आले, की एक साधा नकाशा काढा आणि प्रत्येकाच्या शेवटी आपला जवान कुठे उभा आहे तिथे खूण करा. कोटणीसमध्ये तो दुसऱ्याच्या देशात औषधांची पेटी घेऊन आहे. हकीकतमध्ये स्वतःच्या जमिनीवर मागे हटत मरतो आहे. बॉर्डरमध्ये चौकी धरून आहे. लक्ष्यमध्ये स्वतःचे गेलेले शिखर परत घेतो. उरीमध्ये रेषा ओलांडून पलीकडे जातो आणि परत येतो. सात दशकांत लोकांची फौजेकडून असलेली अपेक्षा कशी सरकली, ते या खुणा कुठल्याही भाषणापेक्षा नीट सांगतात. पण त्याच बैठकीत हेही सांगा, की उरीच्या आठ महिने आधी, मे २०१८ला, राजी आला होता. १९७१वरचाच, पाकिस्तानी घरातल्या माणसांना पूर्ण माणूसपण देणारा, आणि तोही भरपूर चालला. एका वेळी लोकांच्या मनात एकच भावना असते असे धरले की निष्कर्ष चुकतात.

शेवटचा १२० बहादूर. लडाखमधली रेझांग ला खिंड, १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग. हकीकतने १९६२ दाखवले ते एका मोठ्या माघारीसारखे. २०२५च्या चित्रपटाने त्याच युद्धातून एकच दिवस, एकच खिंड, एकच कंपनी उचलली, जी हटलीच नाही. पराभव तोच आहे, पण चौकट इतकी जवळ आणली आहे की पराभव चौकटीबाहेर जातो आणि आत शौर्य उरते. मधल्या काळात काय झाले? जून २०२०मध्ये गलवानला वीस जवान गेले. त्यानंतर चीनविषयीची जुनी जखम नुसती जखम राहू शकत नव्हती, लोकांना तिच्यात अभिमानाची जागा हवी होती. रेझांग लाच्या स्मारकाचे नूतनीकरण होऊन २०२१च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेही याच ओघात. शिवाय त्या कंपनीतले बहुतेक जवान अहीर होते, म्हणून नावात 'अहीर' यावे अशी मागणी हरियाणात झाली. १९६४ साली मेलेला जवान सगळ्या देशाचा होता; आज त्याच्यावर गावाचा, समाजाचा, रेजिमेंटचाही हक्क सांगितला जातो. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर चर्चा व्हावी.

मधला २०१७चा ट्यूबलाइट यादीत नाही, पण नाव घ्या. १९६२ची पार्श्वभूमी, चिनी वंशाच्या मायलेकांचा द्वेष करू नका असे सांगणारी गोष्ट, आणि तो भारत-चीन सैन्यांमधला डोकलामचा पेच सुरू झाल्यावर आठवड्याभरात प्रदर्शित झाला. अपेक्षेइतका चालला नाही. डोकलाममुळे? थोडेफार असेल. पण मारधाड करणाऱ्या नायकाला भोळसट भूमिकेत पाहायला त्याचा प्रेक्षक तयार नव्हता, हे कारण आधी येते.

लोक काय म्हणत होते हे चित्रपटाबाहेरून तपासायला इंदुरात चांगली सोय आहे. नईदुनिया इथून १९४७पासून निघतो. ज्या ग्रंथालयात त्याच्या जुन्या फाइली पाहायला मिळतील तिथे प्रदर्शनाच्या आठवड्यापासून पुढच्या दहा आठवड्यांची सिनेमाची पाने चाळा. परीक्षणापेक्षा जाहिरात वाचा. कोणत्या टॉकीजला 'सहावा आठवडा' छापून आले, जाहिरातीतली ओळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बदलली का, प्रेमकथेवरचा भर युद्धावर गेला की उलट, यातून वितरकाला प्रेक्षकाविषयी काय कळले होते ते दिसते. चित्रपटधंद्याच्या वितरण-विभागांत सी.आय., म्हणजे सेंट्रल इंडिया, हा एक विभाग आणि इंदूर त्याची मोठी बाजारपेठ; व्यापारी पत्रांत विभागवार आकडे येतात, त्यामुळे माळव्याचा कौल मुंबई-दिल्लीहून वेगळा काढता येतो. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला प्रसिद्धीचा असतो, दुसऱ्या सोमवारचा प्रेक्षकाचा. करमाफी ही सरकारच्या पसंतीची खूण आहे, लोकांच्या नव्हे. लष्कराने रणगाडे, विमाने, जागा दिली असेल तर पटकथा त्यांच्या नजरेखालून गेली आहे असे समजून चाला. उरीचे बरेच चित्रीकरण सर्बियात झाले, म्हणून तोही हिशेब वेगळा. शेरशाहसारखे चित्रपट थेट ओटीटीवर आले, तिथे गल्ला नाहीच, मग ही मोजपट्टी वापरू नका.

परदेशी चित्रपट एखाद्या बैठकीत पंधरा मिनिटांपुरते पुरेत. व्हिएतनामचे उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे: युद्ध चालू असताना १९६८ला द ग्रीन बेरेट्स, युद्धाच्या बाजूचा, सायगाव पडल्यावर तीन-चार वर्षांनी द डीअर हंटर आणि अपोकॅलिप्स नाऊ, मोडलेल्या माणसांचे, १९८२चा रॅम्बो छळलेला माजी सैनिक, आणि तोच १९८५ला व्हिएतनाममध्ये परत जाऊन हरलेले युद्ध जिंकणारा. एकाच पात्रात तीन वर्षांत झालेला हा बदल मुलांना चटकन कळतो.

महूचे निवृत्त फौजी आले की बिल्ला चुकीचा, रायफल त्या सालची नाही, असा हुकूम कुणी देत नाही, हे मुद्दे येणारच, आणि ते मोलाचे आहेत. त्यांना चित्रपटानंतरची पहिली पंधरा मिनिटे राखून ठेवा, फळ्यावर लिहून घ्या, आणि मग प्रत्येक चुकीपुढे एकच प्रश्न लावा: ही अज्ञानाने झाली की गोष्टीसाठी केली? दुसऱ्या प्रकारच्या चुका पुढच्या चर्चेला घ्या. लढाईत प्रत्यक्ष असलेल्यांना बोलण्याचा आग्रह मात्र करू नका. गोळीबाराचा आवाज बंद सभागृहात फार वाढतो. आवाजाची पातळी आधी एक दृश्य लावून ठरवा आणि दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा.

प्रतीबद्दल. हकीकत १८४ मिनिटांचा, लक्ष्य १८६, उरी १३८. टीव्हीवरून किंवा नेटवरून घेतलेल्या प्रती अनेकदा कापलेल्या असतात. सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असेल तर तिला २७.४ने भागा, मिनिटे मिळतात. ५,००० मीटर म्हणजे सुमारे १८२ मिनिटे. प्रत थोडी आखूड निघाली तर घाईने कापलेली ठरवू नका: पाल या टीव्ही-पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, त्यामुळे १८४ मिनिटांचा चित्रपट न कापताही पावणेदोनशेच्या आसपास, १७७ मिनिटांत संपतो. त्याहून आखूड असेल तर गाणी तपासा, कात्री आधी तिथेच लागते. प्रमाणपत्रावरची तारीखही टिपून ठेवा, कधी ती प्रदर्शनाच्या आदल्या वर्षाची असते.

आणि परवानगी. घरच्या ओटीटी खात्यावरून किंवा विकतच्या डीव्हीडीवरून सार्वजनिक खेळ करता येत नाही, तिकीट नसले तरी. हक्क ज्याच्याकडे आहेत त्या निर्मात्याला किंवा वितरकाला वाचनालयाच्या नावाने पत्र लिहा. त्यात तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या, प्रवेश विनामूल्य असल्याचा उल्लेख आणि दाखवायचा भाग, पूर्ण की वीस मिनिटे, हे स्पष्ट द्या. जुन्या चित्रपटांचे हक्क हस्तांतरित झालेले असतात, त्यामुळे खरा मालक सापडायलाच वेळ जातो. पहिल्या खेळाच्या निदान दोन महिने आधी सहाही पत्रे एकदम पाठवा, आणि उत्तर न आलेल्या नावाच्या जागी त्याच सालच्या आसपासचा दुसरा चित्रपट तयार ठेवा.